तीन प्रमाणपत्रं

आमच्या घरात विद्यापीठाची तीन प्रमाणपत्रं आहेत आणि तिन्हींवर वेगवेगळी नावं आहेत. पहिलं माझ्या धाकट्या बहिणीचं, बी.एस्सी.चं, १९८५ सालचं. त्यावर पुणे विद्यापीठ. दुसरं तिच्या मुलीचं, एम.एस्सी.चं. त्यावर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. तिसरं माझ्या मुलीचं, २०१९ सालचं. त्यावर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ.

आमचं गाव यावल तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. तेव्हा खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. परीक्षा इथं द्यायची, पण मार्कलिस्टमध्ये चूक झाली तरी पुण्याची वारी. बहीण रोज एस.टी.नं कॉलेजला जायची. पहाटे उठून भाकरी थापायची आणि चुलीच्या उजेडात रसायनशास्त्राची वही वाचायची. पहिला वर्ग मिळाला तेव्हा अण्णांनी गावात पेढे वाटले. पण तिच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पुढं काही नव्हतं. पुढं शिकायचं म्हणजे पुणं, असं आमच्या घरात सगळेच धरून चालत. मी तेव्हा पुण्यातच एम.ए. करत होतो. तिनं मला गुपचूप पत्र टाकलं, "भाऊ, येताना फॉर्म घेऊन ये."

मी फॉर्म आणला. दिवाळीत अण्णांसमोर ठेवला. अण्णा रागावले नाहीत. तो कागद हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पोरगी इतक्या लांब कोणाच्या भरवशावर ठेवायची?" मी पुण्यातच राहत होतो. माझ्या भरवशावर, एवढंच म्हणायचं होतं. मी गप्प बसलो. माझ्या खोलीचं भाडं, खाणावळीचा खर्च, सगळं अण्णाच पाठवत होते. फॉर्म परत माझ्या ट्रंकेत गेला. पुढच्या वैशाखात बहिणीचं लग्न झालं.

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. पुढं गिरणेच्या पलीकडं, बांभोरीजवळ, माळावर इमारती उभ्या राहिल्या. एकेक विभाग उघडला. पदवीच्या पुढचं शिक्षण पुण्यावरून जळगावापर्यंत आलं. त्याच मुलीनं तिथं एम.एस्सी. केलं. तिला पाठवताना घरात कोणी चर्चासुद्धा केली नाही. एस.टी.चा पास काढला आणि पोरगी जायला लागली. मधल्या काळात माणसं फार सुधारली होती असं नाही. अंतर कमी झालं होतं.

२०१८ साली विद्यापीठाचं नाव बदललं. विद्यापीठाचं नाव म्हणजे नुसती कमानीवरची पाटी नव्हे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याला अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात राज्यातल्या विद्यापीठांची नावं आहेत. नाव बदलायचं तर कायद्यात दुरुस्ती करावी लागते, विधेयक विधानसभेत आणि विधान परिषदेत मंजूर व्हावं लागतं. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. आता आमच्याकडं बहिणाबाईंचं आलं.

त्या हिवाळ्यात एरंडोलला लग्नाला निघालो होतो. आई सोबत होती. तिचं माहेर आसोद्याजवळचं, शाळा कधी पाहिलेली नाही, बँकेत अजून अंगठा. गिरणेचा पूल ओलांडल्यावर ती खिडकीतून बघत म्हणाली, "काय लिव्हेल हाये रे तठी?"

"बहिणाबाईंचं नाव दिलंय विद्यापीठाला."

"आसोद्याच्या बहिनाबाईचं? तिले त लिव्हता येत नव्हतं."

खरंच होतं. जात्यावर दळताना, शेतात राबताना तिनं गाणी रचली. ती कागदावर उतरवली मुलानं, सोपानदेवांनी. ती गेली १९५१ साली आणि पुस्तक आलं १९५२ साली. तिनं ते पाहिलं नाही, पाहिलं असतं तरी वाचता आलं नसतं.

"मंग हे नाव कोनं लिव्हलं?" आईनं विचारलं.

मी सांगितलं, विधिमंडळात कायदा झाला, आमदारांनी मंजुरी दिली.

आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एका बाईच्या नावासाठी येवढ्या मान्सायनं माना हालवल्या. आपल्या घरात एकच मान हालाले पायजे होती, ते हालली नाही."

मला वाटलं, ती अण्णांबद्दल बोलतेय. अण्णा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. एरंडोल येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की अण्णांची मान नाही म्हणून हललीच होती. हलली नव्हती ती माझी.

दुसऱ्या वर्षी माझ्या मुलीचं प्रमाणपत्र हाती आलं तेव्हा बहीण आमच्याकडं आली होती. तिनं चष्मा लावून ते अख्खं नाव मोठ्यानं वाचलं आणि हसली. "केवढं मोठं नाव! नोकरीच्या फॉर्मवरच्या रकान्यात मावेल का गं?" मुलगीही हसली.

फॉर्मचा विषय निघालाच होता. मी म्हणालो, "तुझा तो फॉर्म अजून माझ्याकडं आहे. ट्रंकेत."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मला वाटलं, अण्णांनी फाडला असेल."

"नाही. त्यांनी मला परत दिला होता. शेवटची तारीख जायला अजून पंधरा दिवस होते."

हे मी तिला चौतीस वर्षांनी सांगत होतो. तिनं प्रमाणपत्राची घडी न मोडता ते प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवलं, मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "लॅमिनेशन करू नको बरं, नोकरीच्या वेळी झेरॉक्स नीट निघत नाही." मग चहा ठेवायला आत गेली.

फॉर्म मी अजून तिला दिलेला नाही. तिनं मागितलेला नाही.