फोटोत मामू असावेत का?

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे चहा, पोहे, आलूबोंडे मिळण्याची जागा. मुक्कामाची सोय असली तर तो लॉज. शेलूबाजारला माझ्या मामूंकडे दोन्ही आहे: खाली हॉटेल, वर चार खोल्या. अकोला-मंगरूळपीर आणि कारंजा-मालेगाव हे रस्ते गावात एकमेकांना छेदतात, म्हणून गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. कारंजाच्या गुरुमंदिराकडे निघालेले, मंगरूळपीरला दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर जाणारे, पोहरादेवीला निघालेले बंजारा बांधव, सगळे याच बाकांवर चहा पीत.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला. शेलूबाजारला त्याचा इंटरचेंज आहे. पण तिथे उतरायचे की पुढे जायचे, हे लोक आता मोबाइलवर फोटो बघून ठरवतात. म्हणून मामेभावाने अकोल्याहून व्यावसायिक फोटोग्राफर बोलवायचे ठरवले आणि यादी करायला मला सोबत घेतले.

खोल्यांचे फोटो सकाळी, खिडक्या उघडून घ्यायचे. ट्यूबलाइट बंद, कारण दोन उजेडांचे रंग मिसळले की पांढरी चादरही मळकी दिसते. वाइड लेन्स जपून वापरायची. लहान खोली फोटोत हॉलएवढी दिसली तर आलेले गिऱ्हाईक चिडते. आलूबोंडे कढईतून काढल्याबरोबर टिपायचे. गिऱ्हाईक फोटोत येणार असेल तर आधी विचारायचे. आणि हक्काचे बोलून घ्यायचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणाराच असतो. तरी मूळ फाइल्स कधी मिळणार, हे लिहून घेतलेले बरे.

अडले ते एका ओळीवर: ‘गल्ल्यावर मामू’. फोटोग्राफर फोनवर म्हणाला, “चाचांना नको घेऊ या. दाढी-टोपी बघून काही गाड्या थांबत नाहीत.” त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, धंद्याचा हिशेब होता. भावालाही तो पटला. खोल्यांचे कर्ज त्याच्या नावावर आहे.

उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकांची नावे लावायला सांगितले, तेव्हा २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते ते सांगा, नावांची सक्ती नको, असा तो आदेश होता. मला तो योग्य वाटतो. पण सक्तीने नाव लावणे काय आणि भीतीने चेहरा लपवणे काय, दोन्हींत निर्णय दुसऱ्याचाच असतो. म्हणून मी भावाला म्हटले, “चेहरा मामूंचा आहे, त्यांनाच विचार.”

मामू म्हणाले, “दारात आल्यावर मी दिसणारच ना? मग फोटोत लपून काय करू? फक्त दराचा बोर्ड नीट वाचता आला पाहिजे.” मामी भटारखान्यातून म्हणाल्या, “माझा चेहरा नको. आलूबोंडे सोडताना हात घ्या.”

दोन्ही गोष्टी यादीत तशाच लिहिल्या. भावाची धाकधूक गेलेली नाही, आणि ती खोटीही नाही. काही गाड्या खरेच थांबणार नाहीत. पण ज्या थांबतील, त्यांना फोटोत दिसलेलाच माणूस चहा देईल.