कापरा हात

तानशाच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. पाड्यावरच्या एका ठाकर म्हाताऱ्याचा हात मांडीवर नुसता पडला असता कापे; पेला उचलला की कंप कमी होई. सारा गाव म्हणे, "दारूचा हात!" मीही हसत असे. तो एवढेच म्हणे, "गुर्जी, म्या दारूला शिवत नाय."

पुढे मुंबईत एका पारशी स्नेह्याचा हात हुबेहूब तसाच कापताना पाहिला. त्याला कोणी दारुड्या म्हटले नाही. डॉक्टर झाले, पार्किन्सन हे नाव मिळाले, गोळ्या मिळाल्या. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा प्रभृतींनी घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, तीत लाखामागे ३२८ रुग्ण निघाले, हेही त्यानेच सांगितले.

"म्हणजे हा तुमचाच रोग!" मी म्हणालो.

"अरे मास्तर, आमच्यात म्हातारे किती, ते तरी बघ!"

खरेच, हा दुखणाईतपणा बहुधा उतारवयातला. रक्ताचाही वाटा असतो म्हणा. अगरवाल समाजातल्या काही घराण्यांत एक कंपरोग पिढीजात उतरतो. पण आमच्या पाड्यावर असा दारोदार मोजणारा मी कधी पाहिला नाही.

गेल्या दसऱ्याला तिकडे गेलो. म्हातारा केव्हाच गेला होता. मुलगा म्हणाला, "शेवटी घासबी तोंडात जात नव्हता, गुर्जी."