डेक्साचा आकडा आणि तीन इंच

चि. ओंकार यास,


तुझा डेक्सा रिपोर्ट पाहिला. घनता उत्तम आहे, वादच नाही. पण ‘चण मोठी, हाडं दणकट, मग पाय लांब करून तीन इंच उंची वाढवायला काय हरकत?’ हे तुझं म्हणणं काही पटलं नाही.

डेक्सा खुब्याचं आणि मणक्याचं आजचं हाड मोजते. पाय लांब करायच्या ऑपरेशनात हाड कापून रोज साधारण एक मिलिमीटर, तोही दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा, ताणतात आणि त्या फटीत नवं हाड धरावं लागतं. ते धरतं रक्तपुरवठ्यावर आणि हाडावरच्या पातळ आवरणावर. तीन इंच म्हणजे अडीच महिने नुसतं ताणणं; हाड पक्कं व्हायला त्याहून जास्त.

घनता फुकट जाते असं नाही. हाड ठिसूळ असेल तर स्क्रू, पिना सैल पडतात. पण दणकट हाडाचीही अडचण असते. कवच जाड असलं की आतली पोकळी कधी कधी अरुंद निघते. लांबी वाढवणारी सळी तिथे बसवायची म्हणजे पोकळी कोरणं आलं. त्यात हाड फार तापलं तर ते मरतं. शिवाय वजन तुझं ब्याण्णव किलो. बहुतेक सळ्यांवर सुरुवातीला पूर्ण भार चालत नाही; वाकतात, तुटतात.

आणि स्नायू? ते हाडाच्या वेगानं वाढत नाहीत. माझ्याकडे एक मुलगा व्यायामाला येतो. नडगी पाच सेंटीमीटर वाढली, एक्स-रे दृष्ट लागण्यासारखा. पण टाच जमिनीला टेकत नाही. तळव्याला टॉवेल अडकवून ओढताना त्याचे ओठ पांढरे पडतात. तुझ्या पोटऱ्या जिमनं आधीच आखडलेल्या आहेत.

डॉक्टर इलिझारोवनी रशियातल्या कुर्गानमध्ये ही पद्धत बसवली ती युद्धात मोडलेल्या, न जुळलेल्या पायांसाठी. आखूड पायाच्या मुलांना तिचा फार उपयोग होतो. तुझे पाय सारखे आहेत बाळा, म्हणून माझं मत नकोच असं आहे.

तरी हट्ट असेलच तर आधी सिगारेट बंद. ड जीवनसत्त्व तपास. दोन्ही पायांचे मापपट्टी ठेवून एक्स-रे काढ, पोकळीची रुंदी मोजून घे. आणि फिल्म माझ्याकडे आणल्याशिवाय कुणाला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझी,
सुधामावशी