विजेचा तराजू

दिवेलागणीच्या वेळी घरातील एखादे मूल बटण दाबते आणि खोली उजळून निघते. आपल्या या इवल्याशा कृतीची दखल दूर कोठेतरी घेतली जात असेल, असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. परंतु ती घ्यावी लागते. धान्य कणगीत साठविता येते, पाणी धरणात अडविता येते. वीज मात्र तशी सहज साठविता येत नाही. ज्या क्षणी जेवढी हवी, त्याच क्षणी तेवढी ती निर्माण व्हावी लागते. निर्मिती आणि मागणी ही जणू एकाच तराजूची दोन पारडी होत. ती समतोल असली म्हणजे विद्युत्प्रवाहाची आवर्तने सेकंदाला 50 भरतात. मागणीचे पारडे जड झाले की आवर्तने घटतात. निर्मितीचे जड झाले की ती वाढतात.

हा तोल ढळला म्हणजे काय होते, हे 2012 साली दिसून आले. 30 जुलै रोजी उत्तर भारतातील विजेचे जाळे कोसळले. ते सावरते न सावरते तोच, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील वीज गेली. आगगाड्या वाटेतच थांबल्या. कोळशाच्या खाणींत मजूर अडकून पडले. 60 कोटींहून अधिक लोकांना या संकटाची झळ पोहोचली. काही मोठ्या वाहिन्या बंद असल्याने उरलेल्या वाहिन्यांवर भार वाढला होता. तरीही काही राज्ये ठरल्याहून अधिक वीज ओढीत राहिली, असे चौकशीत आढळले.

पुढच्याच वर्षी, 31 डिसेंबर 2013 रोजी, रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारतही या जाळ्याला जोडला गेला आणि साऱ्या देशाचा तराजू एक झाला. त्यावर नजर ठेवण्यासाठी नवी मापकयंत्रे ठिकठिकाणी बसविण्यात आली. उपग्रहाकडून अचूक वेळ घेऊन ती सेकंदात अनेकदा वाहिनीची नाडी तपासतात आणि नियंत्रण केंद्राला कळवितात. पूर्वी हीच वार्ता पोहोचण्यास काही सेकंद लागत, आणि जाळे कोसळण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो.

5 एप्रिल 2020 रोजी रात्री 9 वाजता देशभरातील लोकांनी 9 मिनिटे दिवे मालविले. मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने उतरली आणि लगेच पुन्हा चढली. अभियंत्यांनी पूर्वतयारी केली होती. जलविद्युत केंद्रांतील निर्मिती त्यांनी झपाट्याने कमी केली आणि तितक्याच झपाट्याने वाढविली. जाळे अभंग राहिले.

आता ऊन आणि वारा यांपासूनही वीज मिळू लागली आहे. ढग आला की एक पारडे हलते, म्हणून यंत्रांची नजर अधिकच तीक्ष्ण असावी लागते. परंतु यंत्र केवळ नाडी पाहते. संयम माणसानेच राखावयाचा असतो. रिकाम्या खोलीतील पंखा आठवणीने बंद करणारे मूल त्या विशाल तराजूला आपला चिमुकला हात लावीत असते.