तोलाचं पाणी

मंगळागौरीला फुगडी रंगात आली की समई, भिंती, भोवतीच्या बायका यांची एकच रेघ होते. पण घर खरं फिरतं ते पाय थांबल्यावर.

ते फिरतं कानात. पडद्याच्या बरंच आत, कवटीतल्या अतिशय टणक हाडात, तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी जवळपास काटकोनात बसल्या आहेत. त्यांत पाण्यासारखा द्रव आहे. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव क्षणभर मागे राहतो आणि त्याच्या रेट्याने एक मऊ पडदा वाकतो. त्यात रुतलेले पेशींचे केस कलतात आणि मेंदूला खबर जाते. फुगडी एका लयीत चालली की द्रवही फिरू लागतो, पडदा सरळ होतो, खबर थांबते. मग आपण थांबतो आणि द्रव थांबत नाही. म्हणजे या इंद्रियाला वेग कळतच नाही; कळतो तो बदल. म्हणून तर ताशी आठशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानात आपण निवांत चहा पितो. पंचेंद्रियांच्या यादीत याला जागा नाही, ही मला फार मोठी उपेक्षा वाटते.

त्याला बोलतं केलं व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी. कान धुताना रुग्णांना भोवळ यायची, डोळे झटके देत हलायचे. पाणी गार होतं म्हणून चक्कर आली, अशी एकाची तक्रार. पुढे गरम पाणी वापरलं तरी चक्कर आलीच, पण डोळ्यांचे झटके उलट दिशेने! बारानींनी ताडलं की गार झालेला द्रव खाली बसतो, तापलेला वर चढतो, आणि डोकं स्थिर असूनही मेंदूला ते फिरल्याचा निरोप मिळतो. १९१४ चं नोबेल त्यांना जाहीर झालं १९१५ मध्ये, तेव्हा ते रशियाचे युद्धकैदी होते. पुढे १९८३ मध्ये अंतराळात, जिथे तापलेलं वर चढत नाही तिथेही, डोळ्यांचे हे झटके दिसले. बारानींचं उत्तर अपुरं निघालं. कानात गार-गरम पाणी सोडून करायची त्यांची परीक्षा मात्र आजही वापरात आहे.

नलिकांना लागून दोन पिशव्या आहेत. त्यांत जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. शिंपलाही याचाच बनतो. या कणांच्या भारामुळे मिट्ट काळोखातही खाली कुठे आणि वर कुठे ते कळतं. वय वाढलं की यातले काही कण सुटतात आणि नलिकेत शिरतात. मग अंथरुणात कूस बदलली, फडताळातला वरचा डबा काढायला मान वर केली, की खोली गरकन फिरते आणि मिनिटभरात थांबते.

घरोघरी यावर ‘अशक्तपणा असेल, बीपी असेल’ एवढंच म्हटलं जातं, आणि आजी पडण्याच्या भीतीने अंगणात यायची बंद होते. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी रूढ केलेल्या पद्धतीने, डोकं ठरावीक क्रमाने वळवून, हे कण पुन्हा पिशवीत सरकवता येतात. अनेकदा एकाच बैठकीत, औषधाशिवाय. चकरेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हात किंवा पाय लुळा पडला तर मात्र तडक इस्पितळ गाठावं. एरवी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, चक्कर नेमकी कुठल्या हालचालीला येते, किती वेळ टिकते. आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.