अर्थ लागत नव्हता

वडिलांच्या जीपचं इंजिन बदलून तीन आठवडे झाले होते आणि एकाही सकाळी ती सरळ सुरू झाली नव्हती. सेल्फ मारला की दमल्यासारखा एक आवाज यायचा, दिवे मंद व्हायचे आणि नुसतं 'कट्'. ढकलून सुरू केली की मात्र दिवसभर पळायची.

मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन तेल जाळायला लागलं होतं. त्याच्या जागी जुनं पण चांगल्या स्थितीतलं २.१ लिटरचं प्यूजो डिझेल बसवलं, आर.टी.ओ.त रीतसर नोंदही केली. काम केलं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी. वडिलांच्या वेळेपासून जीप त्यांच्याच हातातली; मी त्यांना मामा म्हणतो. इंजिन उतरवलेलं असताना चासी घासून रंगवायचं काम मात्र मी हौसेनं स्वतःकडे घेतलं होतं.

नवी बॅटरी घातली. सेल्फ उतरवून दुसरीकडे दुरुस्त करून आणला. फरक शून्य. वर आणखी दोन चमत्कार. हेडलाइट लावले की इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायचा, बंद केले की खाली. आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला जळका वास यायचा. मीटर आणून बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामधला अर्थ तपासला. मीटरनं बीप दिला. म्हणजे अर्थ बरोबर. मग उरलं काय? इंजिन.

तसाच गॅरेजवर गेलो आणि मामांच्या पोरांसमोर बोलून बसलो, "भंगारातलं इंजिन गळ्यात मारलंत. आमचे आप्पा असते तर केलं असतं का असं?" मामा काही बोलले नाहीत. हातातला पाना पुसून खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते घरी आले.

"केबल कशानं तापती?"

"सायलेन्सरजवळून जाते ना."

"रात्रभर उभ्या गाडीचा सायलेन्सर तापंल कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी माझाच मीटर मागितला. व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकला. "आता मार सेल्फ." जिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको, तिथे साडेतीन व्होल्ट दिसले. बाराच्या बॅटरीतले साडेतीन परतीच्या वाटेवरच गळत होते.

इंजिन फाउंडेशनच्या रबरांवर बसतं, म्हणून ते चासीपासून विजेच्या दृष्टीनं सुटं असतं. दोघांना जोडते ती तांब्याची विणलेली अर्थ पट्टी. ती नीट लागली नसेल, तर सेल्फचा प्रवाह मिळेल त्या वाटेनं परततो. आमच्याकडे ती वाट होती ॲक्सिलरेटरची केबल. माझ्या मीटरचा बीपही त्याच केबलमधून आलेला! बीप देताना मीटर अँपिअरच्या हजाराव्या भागाएवढा प्रवाह सोडतो. तेवढ्याला केबल पुरते. थंड डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ दोनशे अँपिअर मागतो. तेव्हा ०.०२ ओहम अडथळासुद्धा चार व्होल्ट खातो, आणि इतका बारीक अडथळा साध्या मीटरला दिसतच नाही. वीस-बावीस पट दाबाचं डिझेल त्या उरलेल्या विजेवर फिरणार कसं? काट्याचंही तेच. दिव्यांचा प्रवाह बॉडीतून अल्टरनेटरकडे परतताना अडखळायचा, बॉडी आणि ब्लॉक यांच्यात व्होल्टचा फरक पडायचा आणि काटा इंजिन तापल्याचं खोटंच सांगायचा.

मामांनी जाड केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा ब्लॉकला. पहिल्याच सेल्फला जीप सुरू झाली.

मग ते खाली वाकले आणि चासीकडचा अर्थ पट्टीचा बोल्ट सोडला. पट्टीखाली काळाभोर, गुळगुळीत, दोन हातांचा रंग होता. वीज न जाऊ देणारा. बोल्टच्या भोकातसुद्धा मी ब्रश फिरवला होता.

"रंग झकास मारलाय," मामा म्हणाले. एवढंच.

एमरी पेपरनं मी ती जागा घासली, लोखंड चकाकेपर्यंत. पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं. परत मोजलं तर ०.२ व्होल्ट. मामांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. चूक त्यांचीही थोडी होतीच, पट्टी लावताना खालचा रंग त्यांनी खरवडायला हवा होता. पण ते मी बोललो नाही, आणि त्यांनीही माझं गॅरेजमधलं बोलणं काढलं नाही.

चार दिवस गप्प बसलो. केबल बदलायची होतीच, म्हणून पाचव्या दिवशी गॅरेजवर गेलो. पोरं कामात होती. मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, इंजिन चांगलं होतं. चूक माझ्या रंगाची होती." एक पोरगा हसला. मामांनी त्याला दहाचा पाना आणायला पाठवलं.