कॅटामरान, बार्बेक्यू आणि गॅब्रिएलची वाळू

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रश्न येतात. एक, 'हनिमून का?' आणि दोन, 'पॅकेज कितीला पडलं?' आम्ही चौघी तिथे जाणार म्हटल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. चौघींत एक सीए, एक टेस्टर, एक एचआरवाली आणि मी. कोणाचंच लग्न ठरलेलं नव्हतं, अप्रेजल मात्र नुकतंच झालं होतं. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तासांचा प्रवास, भारतीय पासपोर्टला पोहोचल्यावर मिळणारा फुकट व्हिसा आणि घड्याळ फक्त दीड तास मागे. शेंगेनची फाइल घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला विचारा, हे सुख काय असतं ते!

तिथल्या प्रत्येक हॉटेलच्या रिसेप्शनवर एक ब्रोशर हमखास असतं. निळंशार पाणी, पांढरी दोनपोटी बोट आणि पुढच्या जाळीवर पाय पसरून पडलेलं एक जोडपं. 'फुल डे कॅटामरान क्रूझ'. सकाळी नऊच्या सुमाराला निघायचं, चार-साडेचारला परत. जेवण, ड्रिंक्स, स्नॉर्केलिंग सगळं त्यातच. आम्ही उत्तरेकडची क्रूझ घेतली. ग्रां बे गावातून निघून 'इलो गॅब्रिएल' म्हणजे गॅब्रिएल बेटापर्यंत जाणारी. या एका दिवसाबद्दल मला तुम्हाला सांगायचंय, कारण ब्रोशरमध्ये त्याची निम्मीच गोष्ट छापलेली असते.

नाव आपलं, बांधणी त्यांची

आधी बोटीबद्दल. कॅटामरान हा शब्द ऐकायला भलता युरोपियन वाटतो, पण आहे तो तमिळ. 'कट्टुमरम'. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड, लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरीनं बांधून समुद्रात जायचे, त्या तराफ्याचं हे नाव. सतराव्या शतकात इंग्रज खलाशांनी ते उचललं आणि पुढे दोन होड्या शेजारी शेजारी जोडून बनवलेल्या बोटींना चिकटवलं. दोन होड्यांची कल्पना मात्र पॅसिफिक बेटांवरच्या लोकांची. म्हणजे नाव एका समुद्राचं आणि बांधणी दुसऱ्याच.

या बांधणीचा फायदा साधा आहे. बोटीचं वजन दोन लांब, अरुंद होड्यांवर वाटलं जातं आणि त्या एकमेकींपासून लांब असतात. त्यामुळे वारा भरला तरी ती शिडाच्या साध्या होडीसारखी एका कुशीवर कलत नाही. शिवाय ती पाण्यात फार खोल बुडत नाही, म्हणून उथळ पाण्यातही जाते. दोन्ही होड्यांच्या मध्ये पुढे जी जाळी ताणलेली असते, ती बोटीवरची सगळ्यात भारी जागा. पोटावर पडायचं आणि खाली धावणारं पाणी बघायचं. लाट जोरात आली की जाळीतून थेट तोंडावर. पैसे वसूल!

कलत नाही म्हणजे हलत नाही, असं मात्र समजू नका. मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाच्या कड्याचं कुंपण आहे. कड्याच्या आतलं पाणी लगूनचं. उथळ, शांत, पुदिन्याच्या सरबताच्या रंगाचं. ग्रां बेमधून निघाल्यावर पहिली वीस मिनिटं सगळे सेल्फी काढत होते. मग कड्यातल्या फटीतून बोट बाहेर आली, पाण्याचा रंग एकदम गडद निळा झाला आणि हिंदी महासागरानं आपली ओळख करून दिली. दोन होड्या दोन वेगवेगळ्या लाटांवर चढतात, त्यामुळे हेलकावा विचित्र बसतो, पुढे-मागे आणि आडवाही. आमच्या एचआरवालीनं सकाळी दोन डाळपुऱ्या आणि 'गातो पिमां' हाणले होते. गातो पिमां म्हणजे आपल्या डाळवड्याचा मिरचीवाला चुलतभाऊ. पुढचा पाऊण तास ती क्षितिजाकडे बघत बसून होती, एक शब्द न बोलता. ऑफिसात हे कधीच घडत नाही.

तोफेच्या पाचरीसमोर

वाटेत लागतं 'क्वॅं द मिर'. समुद्रातून तिरका वर आलेला, एका बाजूनं कापल्यासारखा खडक. तोफेचा नेम धरताना नळीखाली जी पाचर सरकवतात तिचं हे नाव, आणि आकारही तस्साच. बोट त्याच्या कड्याखाली थोडा वेळ थांबते. वर पांढरे पक्षी घिरट्या घालत असतात, शेपटीला लांब, नाजूक पिसं. त्यांना तिथे 'पाय-आं-क्यू' म्हणतात, म्हणजे शेपटीत गवताची काडी असलेला.

मागे वळून पाहिलं की मॉरिशसचं उत्तर टोक दिसतं, काप मालेर. लाल छपराचं ते फोटोजेनिक चर्च तिथलंच. 1810च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजी फौज याच किनाऱ्यावर उतरली आणि फ्रेंचांकडून हे बेट गेलं. त्या फौजेत हिंदुस्थानातले शिपाईही होते. आपली माणसं इथे पॅकेज टूरच्या खूप आधीपासून येतायत. बहुतेकांना परतीचं तिकीट नव्हतं, इतकाच फरक.

स्वर्ग, पायात काटा न मोडता

साधारण दीड-दोन तासांनी गॅब्रिएल येतं. शेजारी त्याहून मोठं 'इल प्लात', म्हणजे सपाट बेट, त्यावर 1855 सालचं दीपगृह. दोन बेटांच्या मधलं पाणी असं की फोटोला फिल्टर लावायची लाज वाटावी. कॅटामरान थोडी दूर नांगरते आणि छोट्या रबरी होडीतून तुम्हाला वाळूवर सोडतात. मास्क, नळी आणि फिन्स बोटीवरच मिळतात.

पाण्यात तोंड घातलं आणि कानातले सगळे आवाज बंद झाले. फक्त स्वतःचा श्वास. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे घोळक्यानं अंगाशी येतात. पोपटमासा चोचीनं प्रवाळ कुरतडतो आणि त्याचा कुरकुर आवाज खरंच ऐकू येतो. (त्यानं गिळलेल्या प्रवाळाची मागून वाळू होऊन बाहेर पडते. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण रोमँटिक होतो, तिचा काही भाग असा तयार होतो. सॉरी!) काही ठिकाणी प्रवाळ पांढरे, मेलेले दिसतात. पाणी नेहमीपेक्षा जास्त काळ गरम राहिलं की असं होतं. 2024 मध्ये तर शास्त्रज्ञांनी ही जगभरची साथ असल्याचं जाहीर केलं. आणि हो, तळावर पाय टेकवू नका. समुद्री साळिंदराचे काटे सुट्टी खराब करतात, आणि आपले पाय प्रवाळाची.

दुपारी बोटीच्या मागच्या बाजूला बार्बेक्यू पेटतो. मासा, चिकन, सॉसेजेस, गार्लिक ब्रेड, कोशिंबीर. सोबत तिथली फीनिक्स बिअर आणि उसाची रम. आमच्या शाकाहारी सीएसाठी कांदा-मिरची-बटाटा भाजून दिला गेला, आदल्या दिवशी सांगितलं होतं म्हणून.

त्याच वाळूवर, 1856

जेवण झाल्यावर बाकीच्या तिघी जाळीवर आडव्या झाल्या. मी पुन्हा बेटावर गेले. मला ती जागा नीट बघायची होती. आदल्या दिवशी आम्ही पोर्ट लुईच्या बंदरातला आप्रवासी घाट पाहिला होता. 1834 पासून पुढच्या ऐंशीहून अधिक वर्षांत सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून मॉरिशसला आणले गेले. आपण ज्यांना गिरमिटिया म्हणतो, ते. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातूनही. गुलामगिरी रद्द झाली होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. घाटावरच्या दगडी पायऱ्या चढून ते या देशात शिरले. 2006 पासून ती जागा जागतिक वारसा आहे.

पण सगळ्यांना त्या पायऱ्या दिसल्या नाहीत. जहाजावर साथ असली तर माणसं आधी या उत्तरेकडच्या बेटांवर उतरवली जायची. क्वारंटाइन. हा शब्द 2020 मध्ये आपण सगळे शिकलो, पण वायफाय, झोमॅटो आणि घरच्या गादीसकट. 1854च्या कॉलऱ्यानं मॉरिशसमध्ये हजारो माणसं मेली होती आणि लोक धास्तावलेले होते. 1856च्या जानेवारीत कलकत्त्याहून 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' ही दोन जहाजं आली आणि त्यांच्यावरच्या मजुरांना या गॅब्रिएलवर उतरवण्यात आलं. डोक्यावर धड छप्पर नाही, पाण्याचे हाल, औषधाची बोंब. दोनशेहून जास्त माणसं इथेच मेली. प्रकरण इतकं गाजलं की हिंदुस्थान सरकारनं मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं.

शेजारचं इल प्लात साहित्यातही आहे. ल क्लेझिओ या फ्रेंच लेखकाची 1995 सालची 'ला कारांतेन' ही कादंबरी तिथेच घडते. त्याचं घराणं मूळ मॉरिशसचं. 2008 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

गॅब्रिएलवर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं की मॉरिशसचे डोंगर स्वच्छ दिसतात. मला तेच सगळ्यात जास्त लागलं. कित्येक आठवडे समुद्र कापून आलेल्या माणसाला ज्या देशात काम मिळणार होतं, तो देश समोर दिसतोय. आणि आपण इथे, वाळूवर, वाट बघत. दुपारी बारा वाजता त्या वाळूवर अनवाणी पाच मिनिटं उभं राहून बघा. चटका बसला की आपण पाण्यात पळतो. आपल्याला बोट घ्यायला येणार असते.

'आमची झाकरी बघायला या'

परत बोटीवर आल्यावर ड्रिंक्स देणाऱ्या मुलानं विचारलं, 'मॅडम, बॉम्बे?' मी म्हटलं, 'हो, मराठी.' तो एकदम खुलला. त्याची आजी मराठी. त्याला स्वतःला मराठी बोलता येत नव्हतं. त्याचं बोलणं क्रिओल, थोडं इंग्रजी आणि सिनेमातून आलेलं हिंदी. पण गणपतीची आरती पाठ! गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, विसर्जन याच समुद्रात. 'तेव्हा आमची झाकरी बघायला या,' तो म्हणाला. आधी मला कळेना. मग त्यानं ट्रे खाली ठेवून दोन पावलं टाकून दाखवली आणि डोक्यात प्रकाश पडला. अरे, ही तर आपली कोकणातली जाखडी!

रत्नागिरीकडून कोणी एक जण बोटीत बसला. भाषा पुढच्या चार-पाच पिढ्यांत विरत गेली, पण पावलं राहिली. मी त्याला विचारलं, 'गॅब्रिएलवर काय झालं होतं, माहीत आहे?' तो म्हणाला, 'माहीत आहे. पण टुरिस्ट विचारत नाहीत.' तक्रारीच्या सुरात नाही. जसं सांगावं, बर्फ संपला तसं.

परतीच्या वाटेवर क्रूनं सेगा सुरू केला. हातात रावान, म्हणजे डफासारखं मोठं चामडी वाद्य. पाय जमिनीवरून न उचलता, सरकवत नाचायचं. सेगा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा नाच. दिवसभराच्या राबण्यानंतर रात्री त्यांनी स्वतःसाठी ठेवलेला. युनेस्कोच्या यादीत तो 2014 मध्ये गेला. आम्ही चौघी नाचलो, एचआरवालीसुद्धा. मस्त नाचलो. गॅब्रिएलबद्दल कळल्यावर नाचू नये, असं मला अजिबात वाटलं नाही. ज्यांनी हा नाच केला त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी वाईट दिवसांनंतर केला होता.

जाणार असाल तर

उत्तरेकडची क्रूझ बेटं आणि पोहण्यासाठी. पूर्वेकडची 'इल ओ सेर्फ'ला जाते, तिथे गर्दी आणि वॉटर स्पोर्ट्स जास्त. डॉल्फिन बघायचे तर पश्चिम किनारा.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने उत्तम. जून ते सप्टेंबर वारा जोरात, उत्तरेचा पट्टा खवळलेला. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ.

बोट लागत असेल तर उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, निघाल्यावर नाही. बसा मागच्या बाजूला, झोपा जाळीवर परतीला.

बुकिंग करताना चार गोष्टी विचारा. बोटीवर माणसं किती, बेटावर उतरता येणार का, शाकाहारी जेवण आणि हॉटेलपासूनची गाडी यात धरलीय का.

पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट घाला. सनस्क्रीनपेक्षा तो बरा, तुमच्या पाठीलाही आणि प्रवाळालाही.

आणि क्रूझच्या आदल्या दिवशी आप्रवासी घाटाला तासभर द्या. मग गॅब्रिएलवर होडी लागेल तेव्हा जेवणाआधी बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन या. फार लांब नाही. तिकडे कोणी सेल्फी काढत नाही.